आज्ञा करणाराचे शिक्षण

आमच्या गावच्या देवस्थानच्या अग्रशाळेत गेल्या मार्गशीर्षात महाजनांची एक बैठक भरली होती. विषय तसा लहान होता. देवस्थानच्या आश्रयाने चालणाऱ्या शाळेस जत्रेच्या शिलकेतून काही संगणक घेऊन द्यावेत काय, आणि सहावीपासूनच्या मुलांस आज्ञावली रचण्याचे, मुलांच्या बोलीत सांगायचे तर ‘कोडिंग’चे, शिक्षण देण्यासाठी एक शिक्षक नेमावा काय, एवढेच ठरवावयाचे होते. वकिली करणारा मनुष्य म्हणून ठरावाचा मसुदा तयार करण्याचे काम आमच्याकडे आले होते. बहुतेकांचे मत अनुकूल होते. कोणी म्हणाले, पुढच्या नोकऱ्या याच विद्येत आहेत. कोणी म्हणाले, शेजारच्या शाळांतून हे सुरू झाले, आपणच मागे का राहावे? आणखी एकाने सांगितले की हे सारे आपल्या पाणिनीने पूर्वीच करून ठेवले आहे, तेव्हा आपल्या मुलांना ते जड जाणार नाही. मसुदा जवळजवळ पुरा होत आला, तेव्हा खांबाला टेकून बसलेले वृद्ध भटजी प्रथमच बोलले. ते म्हणाले, “वकीलबाब, नोकरीचें सोडात. यंत्राक हुकूम करपाक शिकल्यार भुरगें मनीस जातलें काय?”

बैठकीत थोडे हसू उमटले. परंतु प्रश्नाला उत्तर कोणी दिले नाही, आणि आमच्यापाशीही ते नव्हते. देवाचा पैसा हा विश्वस्ताच्या हातातला पैसा असतो. तो कशावर खर्च करावा, याचा जाब विचारणारा कोणी पुढे उभा नसला तरी जाब द्यावाच लागतो. म्हणून ठराव त्या दिवशी तहकूब केला. पुढे दोन महिने हा प्रश्न आमच्या मनात घोळत राहिला. त्या चिंतनाचा जो काही निष्कर्ष निघाला तो येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण आज असाच ठराव अनेक गावच्या समित्यांपुढे असेल, किंवा लवकरच येईल.

नोकरीचा मुद्दा प्रथम निकालात काढू. उपजीविकेला आम्ही तुच्छ मानीत नाही. ज्याच्या घरी दोन वेळची चूल पेटते त्यानेच उपजीविकेची थट्टा करावी हे योग्य नव्हे. परंतु हा मुद्दा दिसतो तितका बळकट नाही. आपल्या देशात शाळांतून संगणक शिकवण्याचा पहिला मोठा प्रयोग १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ या नावाने झाला. सुमारे अडीचशे शाळांना त्या वेळी ब्रिटनमध्ये तयार झालेली ‘बीबीसी मायक्रो’ नावाची यंत्रे देण्यात आली. त्या यंत्रांवर चालणारी ‘बेसिक’ ही भाषा ज्या मुलांनी गिरवली ती आज पन्नाशीच्या घरात आहेत, आणि ते यंत्र आता संग्रहालयात पाहावयास मिळते. शाळेत शिकलेली विशिष्ट हातोटी पोटाला लागेपर्यंत जुनी होते, हा या विद्येचा स्वभावच आहे. त्यात भर म्हणजे, आज साध्या बोलीत हकीकत सांगितली तर यंत्र स्वतःच आज्ञावली लिहून देऊ लागले आहे. तेव्हा केवळ नोकरीसाठी बारा वर्षांच्या मुलाला हे शिकवणे म्हणजे पुढच्या पावसाळ्याचे पाणी या पावसाळ्याच्या घागरीत भरून ठेवण्यासारखे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिकपूर्व इयत्तांत, म्हणजे सहावी ते आठवीत, या विद्येचा समावेश सुचवला. २०२१ मध्ये गोवा सरकारने याच इयत्तांसाठी स्वतंत्र योजना काढली. इंग्लंडने तर २०१४ पासून पाच वर्षांच्या मुलापासून ती सक्तीची केली. एवढा खटाटोप केवळ पोटासाठी असेल तर तो फसणार. तो सार्थ ठरायचा असेल तर या शिक्षणात मनाच्या घडणीस उपयोगी असे काही असले पाहिजे. भटजींचा प्रश्न म्हणूनच मुळाशी जाणारा आहे.

आता ही विद्या मुळात आहे तरी काय? ज्यांनी ती कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी एक प्रसंग सांगतो. बैठकीनंतर आम्ही दुसऱ्या गावच्या एका शाळेत, हे शिक्षण कसे चालते ते पाहण्यास गेलो. तेथे मुले पडद्यावरील एका लहानशा कासवाला आज्ञा देत होती. ‘पुढे शंभर’ म्हटले की कासव शंभर पावले पुढे जाते आणि मागे रेघ राहते. ‘उजवीकडे नव्वद’ म्हटले की तेथल्या तेथे काटकोनात वळते. या दोन आज्ञा चार वेळा दिल्या की चौकोन पुरा होतो. एक मुलगी त्रिकोण काढू पाहत होती. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन साठ अंशांचा असतो हे तिला पाठ होते; म्हणून तिने ‘पुढे शंभर, उजवीकडे साठ’ असे तीनदा लिहिले. त्रिकोण झालाच नाही. उघड्या तोंडाच्या सुपासारखे काहीतरी झाले. तिने पुन्हा तेच लिहिले, पुन्हा तेच सूप. मग तिने शेजारणीला दूर सारले आणि बाकांमधल्या जागेत ती स्वतः त्रिकोणावर चालावे तशी चालू लागली. दुसऱ्या कोपऱ्यावर पोहोचताच ती थबकली. आपण त्रिकोणाच्या आतल्या कोनाएवढे वळत नाही, बाहेरच्या कोनाएवढे वळतो, हे तिच्या पावलांना कळले. ती धावत जाऊन बसली, साठाच्या ठिकाणी एकशे वीस लिहिले आणि त्रिकोण मिटला.

या कासवाचा जन्म १९६७ मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या ‘लोगो’ या भाषेतून झाला. सिमोर पॅपर्ट, वॉली फॉयर्झाइग आणि सिंथिया सॉलोमन हे तिचे कर्ते. पॅपर्ट हे दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले गणिती. मुलाच्या मनाची वाढ कशी होते याचा आयुष्यभर शोध घेणाऱ्या जाँ पियाजे यांच्यापाशी जिनेव्हात त्यांनी काही वर्षे काढली होती. पॅपर्ट यांचे म्हणणे थोडक्यात असे: शाळेत मुलाच्या उत्तराला ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ असे दोनच शिक्के असतात, आणि चुकीचा शिक्का बसला की मूल ते पान लपवू पाहते. आज्ञावली रचताना पहिल्या फटक्यात कोणाचेच बरोबर येत नाही, थोरामोठ्यांचेही नाही. तेथे विचारावयाचा प्रश्न ‘चुकले की नाही’ हा नसतो. ‘कोठे चुकले, आणि ते कसे दुरुस्त होईल’ हा असतो. त्या मुलीला कोणी रागावले नव्हते, कोणी लाल रेघ मारली नव्हती. तिच्यासमोर तिचीच चूक, तिने सांगितली तशी, उभी होती आणि ती जाऊन तिला हात लावू शकत होती.

येथे या विद्येचे पहिले नैतिक मर्म आमच्या ध्यानात आले. यंत्र भाव पाहत नाही. आपल्या घरी पूजा झाली की शेवटी आपण क्षमापन करतो. मंत्रात, क्रियेत, उपचारात जे न्यून राहिले असेल ते देवाने पदरात घालून घ्यावे अशी प्रार्थना करतो, आणि देव शब्दापेक्षा भाव पाहतो या श्रद्धेने हात जोडून उठतो. न्यायालयही आपल्या परीने भाव पाहते. कृत्य एकच असले तरी हेतू काय होता यावर गुन्हा ठरतो किंवा ठरत नाही. मृत्युपत्रातील शब्द संदिग्ध असला तर लिहिणाराच्या मनात काय असावे याचा शोध घेतला जातो. संगणकापाशी यांतले काही नाही. तेथे ‘मला तसे म्हणावयाचे नव्हते’ या वाक्याला किंमत नाही. १८४३ मध्ये, जेव्हा असे यंत्र कागदावरच होते, तेव्हा एडा लव्हलेस या इंग्रज विदुषीने लिहून ठेवले होते की ते यंत्र स्वतःहून काही निर्माण करण्याचा दावा करीत नाही. आपण त्याला जे करावयास सांगू शकतो तेच ते करते. त्या मुलीला जे समजले त्याचे शब्दांत रूपांतर केले तर असे होईल: ‘मी सांगितले तसे झाले नाही’ हे खरे नव्हे; मी सांगितले तसेच झाले, मला हवे होते ते मी सांगितलेच नव्हते.

हे वाक्य मनापासून म्हणता येणे ही लहान गोष्ट नाही. पन्नाशी उलटलेले किती कारभारी, किती बाप, किती वकीलही ते म्हणू शकतात? घरात नोकराने किंवा मुलाने काम बिघडवले की आपण त्याच्या डोक्यावर खापर फोडतो. आपली आज्ञाच अपुरी होती ही शक्यता मनात येत नाही, कारण समोरचा माणूस आपल्या अपुऱ्या आज्ञेतील पोकळ्या आपल्या समजुतीने भरून काढीत असतो आणि त्याचे श्रेय आपण कधी देत नाही. ज्याने एकदा यंत्राला आज्ञा करून पाहिली त्याला त्या पोकळ्या दिसू लागतात. माणसे एकमेकांचे किती सांभाळून घेतात हे त्याला न सांभाळून घेणाऱ्या यंत्रापुढे बसल्यावर कळते.

आम्ही हे भटजींना सांगितले तेव्हा त्यांनी जे उत्तर दिले ते आम्हांस अनपेक्षित होते. ते म्हणाले की श्रौत यज्ञात होता, अध्वर्यू, उद्गाता यांच्याबरोबर ब्रह्मा नावाचा चौथा ऋत्विज असतो. बाकीचे मंत्र म्हणतात, आहुती देतात, गातात. ब्रह्मा बहुतेक वेळ मौन धरून बसतो. सारे विधान त्याला मुखोद्गत असते, आणि कोणाकडून काही चुकले की ते ओळखून प्रायश्चित्ताने ते सांधणे हे त्याचे काम. म्हणजे आपल्या पूर्वजांनी माणसाकडून चूक होणारच हे गृहीत धरले होते, आणि चूक पाहण्यासाठी एक संपूर्ण माणूस बसवला होता; तोही सर्वांत जाणता. चुकीची लाज न बाळगता तिची तरतूद करणारी ही शिस्त आपल्याकडे होती, हे ऐकून आम्हांस समाधान वाटले.

मात्र पाणिनीने सारे पूर्वीच केले, या बैठकीतील उद्गाराबद्दल आमचे मत निराळे आहे. अष्टाध्यायीची सुमारे चार हजार सूत्रे ही नियमरचनेची अद्भुत कामगिरी आहे यात शंका नाही. सामान्य नियम आणि अपवाद यांची तिची मांडणी, दोन नियमांचा विरोध आला तर पुढचा घ्यावा असे सांगणारे तिच्या पहिल्या अध्यायातील सूत्र, हे पाहून आजचे संगणकशास्त्रज्ञही माना डोलावतात. १९८५ मध्ये रिक ब्रिग्ज या अमेरिकन संशोधकाने यंत्राला ज्ञान कळवण्याच्या दृष्टीने संस्कृत शास्त्रीय भाषेचा विचार करणारा एक लेख लिहिला. त्याच्या आधारावर संगणकाला सर्वांत योग्य भाषा संस्कृतच, असे व्याख्यानांतून पुष्कळ सांगितले जाते. परंतु आजोबांची पेढी मोठी होती म्हणून नातवाला हिशेब येत नाही. पाणिनीचा खरा वारसा अभिमानाच्या वाक्यात नाही. प्रत्येक नियम लिहिताना तो कोठे मोडेल हे आधी पाहण्याच्या सवयीत आहे. ती सवय मुलाला लागली तर पाणिनीचे नाव न घेताही तो वारसा चालेल.

येथवर वाचून कोणास वाटेल की आम्ही या विद्येचे स्तोत्र गात आहोत. तसे नाही. पॅपर्ट यांच्या मागोमाग अनेकांनी असा समज करून घेतला की मुलाला संगणकापाशी बसवले की त्याची विचारशक्ती आपोआप धारदार होते. १९८० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजातील रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी हे तपासून पाहिले. लोगो शिकलेली मुले आणि न शिकलेली मुले यांना रोजच्या जीवनातील कामांची आखणी करावयास दिली, तेव्हा शिकलेल्या मुलांची आखणी अधिक चांगली आढळली नाही. कासवापाशी मिळालेला धडा कासवापाशीच राहिला होता. वर आम्ही आज्ञा करणाराच्या नम्रतेविषयी जे लिहिले तेही असेच यंत्रापाशी राहून जाण्याचा धोका आहे. कोणीतरी जाणत्याने तो धडा उचलून मुलाच्या आयुष्याशी जोडून दिला नाही, तर उलट परिणामही संभवतो. हाताखाली एक निमूट, न थकणारा, उलट न बोलणारा आज्ञाधारक मिळाला की मालकीची चटक लागते. मग माणसांनीही तसेच वागावे असे वाटू लागते.

आणि जेथे शिकवणारालाच या विद्येची गोडी नाही तेथे काय होते हेही आम्ही पाहिले आहे. आणखी एका शाळेत चाळीस मुले फळ्यावरची आज्ञावली वहीत उतरून घेत होती. यंत्रे शेजारच्या खोलीत कुलपात होती. परीक्षेत तीच आज्ञावली जशीच्या तशी लिहावयाची असते असे आम्हांस सांगण्यात आले. एका मुलाने एका ओळीत स्वतःच्या बुद्धीने बदल केला होता. तो बदल चालला असता की नाही हे कोणीच तपासले नव्हते. फळ्यावर तसे नव्हते एवढ्यावरून गुण कापले गेले होते. ज्या विद्येचे सारे सत्त्व चूक करून पाहण्यात आहे तिच्यातच चुकीला दंड आणि नकलेला बक्षीस! असे शिक्षण देण्यासाठी देवाचा एक रुपयाही खर्च करू नये.

आता ज्या कारणामुळे आमचे मन अखेर एका बाजूस झुकले त्याकडे वळतो. ते आमच्या व्यवसायातून आले आहे.

आमच्याकडे काही वर्षांपूर्वी देवळापुढे फुले विकणारी एक वृद्धा आली. वृद्धांना मिळणारे मासिक साहाय्य तिला मिळेनासे झाले होते. चौदा महिने ती खेटे घालीत होती. प्रत्येक खिडकीवर तिला बसावयास सांगितले गेले, एके ठिकाणी चहाही मिळाला, आणि प्रत्येक ठिकाणी अखेर एकच वाक्य, “आज्जे, कंप्युटर घेना.” कागद पाहिल्यावर उलगडा झाला. नव्या यादीत नाव चढवताना कोणाकडून तरी जन्मसालाचा एक आकडा चुकला होता, त्यामुळे तिचे वय बावन्न दिसत होते, आणि साठ वर्षांखालील अर्ज नाकारावा असा नियम यंत्रात घातलेला होता. पांढऱ्या केसांची, पाठीतून वाकलेली, सत्तरीची बाई समोर उभी होती, आणि खिडकीआडचा सुशिक्षित तरुण तिच्याकडे न पाहता पडद्याकडे पाहत होता. आमचा अर्ज गेल्यावर दुरुस्ती झाली ती काही मिनिटांत. या चौदा महिन्यांत तिला कोणीही ‘नाही’ म्हटले नव्हते. आणि तरीही तिला मिळाले ते नाहीच. नकाराला कर्ता नव्हता. आमच्या वकिलीच्या आयुष्यात आम्ही दुष्ट माणसांशी पुष्कळ झगडलो आहोत. कर्ता नसलेल्या नकाराशी झगडण्याचा तो पहिलाच प्रसंग, आणि तो अधिक कठीण वाटला.

याचेच मोठे आणि भीषण रूप ब्रिटनमध्ये दिसले. तेथील पोस्ट ऑफिसने १९९९ पासून गावोगावच्या पोस्टांच्या हिशेबासाठी ‘होरायझन’ नावाची संगणकव्यवस्था बसवली. तिच्यात दोष होते. त्या दोषांमुळे हिशेबात नसलेली तूट दिसे, आणि पोस्टमास्तराने पैसे खाल्ले असे ठरे. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेंहून अधिक माणसांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांवरून दोषी ठरवण्यात आले. कित्येकांनी घरे विकून न झालेली तूट भरली. काहींनी जीव दिला. त्यांपैकी एक भारतीय वंशाच्या सीमा मिश्रा. २०१० मध्ये त्यांना पंधरा महिन्यांची शिक्षा झाली तेव्हा त्या गरोदर होत्या. मदतीसाठी दूरध्वनी करणाऱ्या अनेकांना सांगण्यात आले की असा त्रास फक्त तुम्हालाच होतो. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने यंत्रातील दोष मान्य केले. २०२१ मध्ये एकाच दिवशी एकोणचाळीस जणांची, त्यांत सीमा मिश्रा यांचीही, दोषसिद्धी रद्द झाली. २०२४ मध्ये उरलेल्यांसाठी पार्लमेंटला खास कायदा करावा लागला.

कायद्याच्या अभ्यासकाला यातील एक गोष्ट अधिक बोचते. इंग्लंडच्या १९८४ च्या कायद्यात अशी अट होती की संगणकातून निघालेला कागद पुराव्यात आणावयाचा तर ते यंत्र नीट चालत होते हे दाखवले पाहिजे. ती अट गैरसोयीची म्हणून १९९९ च्या कायद्याने काढून टाकण्यात आली; त्यानंतर यंत्र नीट चालत होते असे गृहीत धरले जाऊ लागले. म्हणजे आरोपी खरे बोलतो हे सिद्ध करावे लागे, यंत्राला मात्र ते सिद्ध करावे लागत नसे. आपल्याकडे २००० पासून पुराव्याच्या कायद्यातील कलम ६५-ख प्रमाणे अशा कागदाबरोबर प्रमाणपत्र लागे. जालना येथील निवडणुकीतून निघालेल्या खोतकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ती गरज ठामपणे सांगितली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली ते प्रमाणपत्र यंत्राचा ताबा असणाऱ्याने आणि तज्ज्ञाने, दोघांनी द्यावयाचे असते. हे चांगलेच आहे. परंतु प्रमाणपत्र न्यायालयात येते. फुलवाल्या आजींच्या खिडकीवर ते येत नाही. तेथे पडद्यावर जे दिसते ते वेदवाक्य.

आता त्या खिडकीआडच्या तरुणाचा विचार करू. तो वाईट नव्हता. त्याने यंत्र वापरण्याचे शिक्षण घेतले होते, आज्ञावली रचण्याचे घेतले नव्हते. त्यामुळे पडद्यावरील नकार त्याला पावसासारखा वाटत होता: तो पडतो, त्याला कोणी पाडीत नाही. बाराव्या वर्षी त्याने एकदा जरी त्रिकोणाऐवजी सूप काढले असते, आपणच लिहिलेली आणि आपल्याला पूर्ण खरी वाटलेली आज्ञा चुकीची निघाल्याचा अनुभव एकदा जरी घेतला असता, तर त्याच्या मनात एक शंका आली असती: हा नियम कोणीतरी लिहिला आहे, हा आकडा कोणीतरी भरला आहे, आणि जो लिहितो तो चुकतो, कारण मीही चुकलो होतो. ही शंका हाच आमच्या मते या शिक्षणाचा गाभा. ‘संगणकाने सांगितले’ हे वाक्य उत्तर नव्हे, तेथून प्रश्नाला आरंभ होतो, हे ज्याला स्वानुभवाने कळले तो माणूस पडद्यावरून नजर उचलून समोरच्या म्हातारीकडे पाहील, अशी निदान शक्यता तरी निर्माण होते.

यंत्रे आता स्वतः आज्ञावली लिहितात, तेव्हा मुलांनी का शिकावे, या आक्षेपाचे उत्तरही यातच आहे. लिहिणारा जितका दूर जाईल तितकी तपासणाराची गरज वाढते. पक्षकाराने दुसऱ्याकडून लिहून आणलेले खतपत्र आम्ही स्वतः लिहिलेल्यापेक्षा अधिक बारकाईने वाचतो. आणि ज्याने स्वतः कधी खतपत्र लिहिले नाही त्याला ते वाचताही येत नाही. ज्यांना आज्ञावली वाचताच येत नाही अशांच्या समाजावर ती वाचता येणारे मूठभर लोक राज्य करतील, आणि ते राज्य करीत आहेत हे कोणाच्या लक्षातही येणार नाही.

मात्र येथे थांबून भटजींच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. शंका येणे निराळे आणि शंका आल्यावर उठून वरिष्ठाकडे जाणे निराळे. पहिली गोष्ट कासव शिकवील. दुसरी शिकवणार नाही. होरायझनच्या प्रकरणात यंत्रातील दोष माहीत असलेली माणसे होती. विद्या त्यांच्यापाशी होती, बोलण्याचे धैर्य नव्हते किंवा इच्छा नव्हती. ते धैर्य घरात, देवळात, वर्गात, थोरांच्या वागण्यातून येते, आणि तेथे ते नसेल तर जगातील सर्व यंत्रे मिळूनही ते देऊ शकणार नाहीत. तेव्हा यंत्राला हुकूम करावयास शिकून मूल माणूस होत नाही. माणूस होण्यासाठी आजच्या काळात जे जे लागते त्यातील एक भाग मात्र त्याला त्यातून मिळतो, आणि तो भाग इतरत्र सहज मिळत नाही.

माघात बैठक पुन्हा भरली. आम्ही ठरावाचा मसुदा बदलून नेला होता. संगणक घ्यावेत, परंतु तीन अटींवर. पहिली अशी की प्रत्येक मुलाने चुकांची एक वही ठेवावी: काय हवे होते, काय सांगितले, काय झाले, कोठे चुकले. गुण द्यावयाचे ते या वहीला; चुकीबद्दल गुण कापू नयेत, नकलेबद्दल कापावेत. दुसरी, वर्षातून एक तरी आज्ञावली मुलाने दुसऱ्या कोणासाठी रचावी, मग ती पालखीच्या पाळ्यांची यादी असो की आजीच्या औषधांच्या वेळा असोत. आणि त्या माणसाला शेजारी बसवून ती त्याच्या उपयोगी पडते की नाही हे पाहावे. आपल्या आज्ञेच्या दुसऱ्या टोकाला एक जिवंत माणूस आहे हे त्या वयातच दिसले पाहिजे. तिसरी, यंत्रांच्या खोलीला शाळेच्या वेळात कुलूप असू नये.

चर्चा बरीच झाली. चुकांना गुण कसे देणार, हा प्रश्न हिशेबनीसांनी दोनदा विचारला. अखेर ठराव संमत झाला. भटजी आमच्याबरोबर पायऱ्या उतरताना म्हणाले, “चुकांची वही म्हाकाय एक दियात. म्हजेय चेडे पूजेक चुकतात आनी लिपयतात.” त्यांच्याकडे चार विद्यार्थी पूजाविधी शिकतात.

यंत्रे अक्षय तृतीयेपर्यंत येतील असा अंदाज आहे. शिक्षक अद्याप मिळालेला नाही. जाहिरातीत आम्ही पदवीची अट घातली आहे. परंतु जी अट खरोखर घालावयाची होती ती जाहिरातीत घालता येत नाही. मुलांसमोर ‘हे मला येत नाही, आपण मिळून पाहू’ असे न लाजता म्हणणारा माणूस आम्हांस हवा आहे. वाचकांपैकी कोणाच्या माहितीत असा कोणी असेल तर जरूर कळवावे; आणि असाच ठराव ज्यांच्या गावी पुढे असेल त्यांनी संगणकांच्या किमतीची चौकशी करण्याआधी अशा माणसाची चौकशी करावी, एवढीच आमची विनंती.